गॅलरीचं रेलिंग हलतंय? खर्च पायापासून मोजा

रेलिंग दुरुस्तीला किती लागतील, असं इंदुरात कुणालाही विचारा, उत्तर फुटाच्या भावात मिळतं. ‘सात सौ रुपये फुट, रंग अलग.’ बारा फुटांची गॅलरी म्हणजे चौऱ्याऐंशीशे रुपये, विषय संपला. पण हा भाव नव्या रेलिंगचा असतो, आणि त्यातही मुख्यतः वरच्या सळ्यांचा. हलणाऱ्या रेलिंगचा दोष सळ्यांमध्ये क्वचितच असतो. खांब फरशीत शिरतो तिथल्या चार इंचांत तो असतो, आणि त्या चार इंचांचा भाव कुणी आपण होऊन सांगत नाही. म्हणून या लेखातला सगळा हिशेब खालून वर जातो.

आपल्या गावात ही गोष्ट जरा जास्तच मनावर घ्यायला हवी. टोरी कॉर्नर, गोराकुंड, राजवाडा या पट्ट्यात ज्यांची घरं आहेत, त्यांच्या गॅलरीत एरवी दोन माणसं चहा पीत उभी असतात. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे चित्ररथांना, त्याच गॅलरीत पंधरा-वीस जण रेलिंगवर रेलून खाली वाकलेले असतात, मागचे पुढच्यांना रेटत असतात. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात या रेट्याचे आकडे दिलेले आहेत. घराच्या खासगी गॅलरीला त्यात दर मीटरला ०.३५ किलोन्यूटन दिलाय, पण इतर गॅलऱ्यांच्या आणि गच्चीच्या कठड्याने ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलोचा आडवा रेटा सोसावा; आपण हाच धरू. जिथे गर्दी होते अशा जागी तोच आकडा २.२५ किलोन्यूटन, म्हणजे तिप्पट. गेरच्या दिवशी तुमची गॅलरी या गर्दीच्या प्रकारात जाते, रेलिंग मात्र तेच राहतं.

आज संध्याकाळीच करायचं काम

वेल्डर येईल तेव्हा येईल. तोवर गॅलरीचं दार बंद ठेवा, किंवा रेलिंगपासून दोन फूट आत आडवी दोरी बांधा. घरात लहान मूल असेल तर दोरीवर भागवू नका, दाराला वरून कडी लावा. रेलिंगला बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी सोडा. ओल्या चादरी आणि सतरंज्यांचं ओझं खांबाला रोज एकाच बाजूला ओढत असतं. टांगलेल्या कुंड्या उतरवा. आणि खालच्या ओट्यावर कुणी बसत असेल, तर त्यांनाही सांगून ठेवा.

पाहणी: स्क्रू-ड्रायव्हर, छोटी हातोडी, ओळंबा आणि ताणकाटा

प्रत्येक खांबाच्या बुडाशी उकिडवं बसून बघा. रंगाला फुगवटा आलाय का? स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो खरवडा. खाली नुसती तांबूस भुकटी निघाली आणि मग घट्ट लोखंड लागलं, तर घासून-रंगवून काम होईल. पापुद्र्यांवर पापुद्रे सुटायला लागले आणि टोक आत रुतलं, तर त्या जागी खांब उरलेलाच नाही, नुसता रंग उभा आहे. मग हातोडीने बुडापासून वरपर्यंत हलके ठोके द्या. चांगल्या पाइपचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्या बुडाचा बद्द.

त्यानंतर फरशी. खांबाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा पडल्या असतील, तर आतलं लोखंड गंजून फुगलं आहे असं समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर पडतो. तिथे पांढरं सिमेंट भरून चीर बुजवलेली दिसली, तर आधीच्या कुणीतरी रोग झाकलाय.

इंदुरातल्या खांबांचं बूड कुजायचं एक कारण मी घरोघर बघतो, ते म्हणजे कूलर. मार्च ते जून गॅलरीत कूलर, त्याच्या टाकीतून ठिबकणारं पाणी, आणि ते नेमकं कोपऱ्यातल्या खांबाशी साचतं. त्यामुळे तपासणी कूलरच्या कोपऱ्यापासूनच सुरू करा. दुसरा संशयित तुळशीच्या कुंडीखालची ओल.

आता हलवून बघायचं, पण बाहेर ढकलून अजिबात नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा पन्नास किलोचा डिजिटल ताणकाटा मिळतो. रेलिंगच्या वरच्या पाइपला, खांबाच्या अगदी डोक्याशी दोरी बांधा, ताणकाटा अडकवा, आणि पाय रोवून आतल्या बाजूला ओढा. बाहेर पडायचा धोका त्यात नाही, आणि बूड ढिलं असेल तर ते इकडेही हलतं. चाळीस किलोला डोकं अर्ध्या इंचाहून जास्त सरकलं, किंवा सोडल्यावर जागेवर परत आलं नाही, तर मी त्या खांबाला नापास करतो. मात्र हा काटा नापास करायलाच कामाचा, पास झालेला खांब गर्दीलाही पुरेल असं त्यावरून ठरत नाही.

शेवटी ओळंबा सोडून खांब बाहेर कलला आहे का पाहा, आणि उंची मोजा. नॅशनल बिल्डिंग कोडाप्रमाणे गॅलरी आणि गच्चीचा कठडा तयार फरशीपासून किमान एक मीटर हवा. जुन्या घरांत तो अडीच-पावणेतीन फूटच असतो, आणि त्यातही फरशीवर फरशी बसवली की आणखी दोन इंच गेले. दुरुस्तीला हात घालणारच असाल तर उंची साडेतीन फूट करून घ्या.

रेलिंगआधी छज्जा

गॅलरी भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबवर, म्हणजे छज्ज्यावर, असेल, खाली खांब-तुळई काही नसेल, तर त्या स्लॅबच्या मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. घरातल्या नेहमीच्या स्लॅबच्या अगदी उलट. म्हणजे वरून पाणी मुरलं की आधी त्याच सळ्या गंजतात. भिंतीला समांतर, दाराच्या उंबऱ्यालगत लांब चीर दिसत असेल, किंवा गॅलरी बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेली असेल, तर रेलिंगचा विचार बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावा. घरी येऊन बघायचे दोन ते पाच हजार घेईल. छज्जा गेला तर नवं रेलिंगही त्याच्याबरोबर जाणार.

याच कारणाने वेल्डरला वरून खोल भोकं पाडू देऊ नका. ड्रिल मुख्य सळीला लागला तर तो थांबायला हवा. सळी कापून पुढे जायचं नाही, भोक दोन इंच सरकवायचं. आवाज बदलतो, धुरळ्याऐवजी चमकता कीस येतो. कामाच्या वेळी तिथे उभं राहून बघा.

गर्दी आणि स्लॅब यांचा संबंध या शहराला नव्याने सांगायला नको. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीला पटेलनगरच्या मंदिरात विहिरीवर घातलेलं छत खचलं आणि ३६ माणसं गेली. रोज थोडी माणसं पेलणारी जागा सणाच्या दिवशी कितीजण पेलेल, हे आधी विचारायचं असतं.

गच्चीचा कठडा विटांचा असेल तर आणखी एक गोष्ट. साडेचार इंची विटांच्या भिंतीला आडव्या रेट्यासमोर फारसा जोर नसतो. उंची वाढवायला तिच्या माथ्यावर पाइप ठोकून घेतात, ते दिसायला रेलिंग असतं इतकंच. वाढीव खांब आतल्या बाजूने खाली स्लॅबपर्यंत किंवा तुळईपर्यंत आणून तिथे पक्का करावा लागतो.

लोखंड, बीड, लाकूड, स्टील

साध्या लोखंडाला, म्हणजे एमएसला, दुरुस्ती सगळ्यात सोपी. कुजलेलं बूड सहा इंच वरून कापायचं, खांबाच्या आत किंवा बाहेर घट्ट बसेल असा पाइपचा तुकडा घालून चौफेर वेल्ड करायचं, खाली नवी बेसप्लेट, म्हणजे बोल्टने फरशीला आवळायची लोखंडी पाटी. खांबामागे आठशे ते पंधराशे रुपये धरा. यात खांबाच्या वरचा भाग ठणठणीत हवा, आणि चारपैकी तीन खांब गेले असतील तर बुडं बदलत बसण्यापेक्षा नवं रेलिंग बरं पडतं.

जुन्या इंदुरातल्या नक्षीच्या जाळ्या बऱ्याचदा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. बीड ठिसूळ. साध्या वेल्डिंगने तापलं की जोडाशेजारीच तडकतं. त्याला निकेलची कांडी, आधी सावकाश गरम करणं आणि मग सावकाश थंड होऊ देणं, एवढं सगळं लागतं आणि ते जमणारा कारागीर महाग. मी म्हणेन, फुटक्या नक्षीला मागून लोखंडी पट्टी बोल्टने आवळा, आणि रेटा सोसायला आत स्वतंत्र एमएसचा खांब आणि वरचा पाइप द्या. जाळी शोभेला राहील, जोर दुसरा घेईल. आजोबांच्या वेळची जाळी भंगारात देऊन किलोचे तीस रुपये घेण्यात काही अर्थ नाही.

लाकडी गॅलरीत दाभण घ्या आणि खांबाच्या बुडाशी, सांध्यात, खालच्या अंगाला टोचा. सागवानात ते सहज जात नाही. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर वाळवी किंवा कूज. हे काम सुताराचं, आणि त्याचा अंदाज सांधे उघडल्याशिवाय बांधता येत नाही. म्हणून ठोक रक्कम ठरवू नका, मजुरी दिवसावर आणि लाकूड वेगळं असं ठरवा.

स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३०४ प्रतीचं. दुकानात २०२ स्वस्त मिळतं आणि नवं असताना दोन्ही सारखंच चमकतं. चुंबक लावून फरक कळत नाही. प्रत तपासायचं रसायन येतं, थेंब टाकायचा आणि रंग बघायचा, ते दुकानदाराला आपल्यासमोर टाकायला लावा. २०२ वेल्डच्या जागी डाग धरतं. ३१६ समुद्रकाठच्या खाऱ्या हवेसाठी असतं, माळव्यात त्याचे पैसे वाया.

बारा फुटांचा हिशेब

आता नव्या एमएस रेलिंगचं गणित मांडू. समोरची बाजू बारा फूट, उंची साडेतीन फूट, चार-चार फुटांवर चार खांब.

मधल्या एका खांबाकडे चार फुटांचा रेटा येतो, म्हणजे ७५ किलोच्या हिशेबाने साधारण नव्वद किलो. तो लागतो वर, ४२ इंचांवर. खाली बेसप्लेटवर बोल्टांचा आधार चार इंचांचा. ४२ भागिले ४ म्हणजे साडेदहा पट. नव्वद किलोचा रेटा आतल्या दोन बोल्टांना मिळून साडेनऊशे किलोने उपटायला बघतो. आणि गेरच्या दिवशी याची तिप्पट. प्लास्टिकच्या गुल्लीतला स्क्रू इथे काय करणार?

त्यामुळे खांब ५० बाय ५० मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा घ्या. बाजारात ४० चा सव्वा-दीड मिलिमीटरचा सर्रास लावतात. तो वजनाला हलका आणि फुटाच्या भावात वेल्डरला परवडणारा. बेसप्लेट पाच इंची चौकोनी, आठ मिलिमीटर जाड, चार बोल्ट. स्लॅबच्या काठाजवळ ठोकून फुगणारे फास्टनर काँक्रीटचा कोपराच उडवतात, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवायचे बोल्ट, लावा. भोक ब्रशने आणि फुंकणीने साफ करून मगच केमिकल भरायचं. धुरळा राहिला तर ते धुरळ्याला चिकटतं. जमत असेल तर प्लेट वरून न बसवता स्लॅबखालच्या तुळईच्या बाहेरच्या अंगाला बसवा. तिथे बोल्टांमध्ये उभं अंतर जास्त मिळतं आणि खांबाशी पाणीही साचत नाही.

वजन असं येतं: चार खांब साडेअठरा किलो, चार प्लेटा चार किलो, वरचा ४० चा दोन मिलिमीटरचा पाइप पावणेनऊ, खालचा २५ चा सव्वापाच. उरल्या उभ्या सळ्या. बारा मिलिमीटरच्या चौरस सळ्या चार इंचांच्या फटीने लावल्या तर ३२ लागतात, त्यांचे साडेचौतीस किलो. एकूण ७१ किलोच्या आसपास, त्यात अर्धं वजन सळ्यांचं.

वेल्डर हात मारतो तो इथेच. ‘बाबूजी, छे इंच का गॅप रख देते हैं, हल्का भी दिखेगा.’ सहा इंचांची फट ठेवली की दहा सळ्या वाचतात, १३० रुपये किलोच्या भावाने चौदाशे रुपये. पण सहा इंचांतून रांगतं मूल निघून जातं. चार इंचांतून डोकं जात नाही. पैसे वाचवायचेच असतील तर फट तीच ठेवून सळी दहा मिलिमीटरची घ्या. वजन साडेदहा किलोंनी उतरतं, बचत तितकीच. आडव्या पट्ट्यांची फॅशन मुलं असलेल्या घरात नको, मुलांना ती शिडी वाटते.

७१ किलोला १३० रुपये म्हणजे ९,२३०. केमिकल अँकरचे सोळा बोल्ट, अडीच हजार. प्रायमर आणि दोन हात रंग, दोन हजार. फरशी उचकटणं, खांबाभोवती पुन्हा बसवणं, पाणी मुरू नये म्हणून वॉटरप्रूफिंग, दोन हजार. जुनं पन्नास किलो भंगार तीस रुपयांनी वजा, पंधराशे. सगळं मिळून सव्वाचौदा हजार, म्हणजे फुटाला जवळपास बाराशे. सुरुवातीच्या सातशेतून काय काय गळलं होतं ते आता दिसलं. लोखंडाचा भाव हलत असतो, म्हणून लोहामंडीत त्या दिवशीचा दर विचारून १३० च्या जागी तुमचा आकडा घाला. एमएसचं घडवून बसवलेलं काम साधारण ११० ते १५० रुपये किलोत बसतं. ३०४ स्टीलला याच्या अडीच-तीन पट धरून चला.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर बाहेरून काम असेल तर परांची बांधण्याचा खर्च वेगळा, आणि छोट्या कामात तोच सगळ्यात मोठा निघू शकतो. शेजारच्या घराचीही दुरुस्ती निघत असेल तर एकाच परांचीत दोन्ही उरका.

भाव कसा मागायचा

तिघांना बोलवा आणि फुटाचा भाव घेऊ नका, किलोचा घ्या. माल तुमच्यासमोर काट्यावर चढेल, हे आधीच सांगा. कागदावर पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. ‘हेवी पाइप’ म्हणजे काहीच नाही. अँकर कोणते, प्रायमर कोणतं, फरशीचं काम कुणाकडे, भंगार कुणाचं, हेही त्यातच. बोल्ट आणि प्रायमर सियागंजच्या बाजारातून स्वतः आणलेत तर चांगलंच. जीएसटी १८ टक्के आहे, तो भावात धरलाय की वर, ते विचारा. किरकोळ वेल्डिंगला येणारा माणूस मशीन घेऊन यायचेच आठशे-हजार घेतो, म्हणून घरातली जाळी, फाटकाची बिजागरी असली कामं त्याच फेरीत काढा.

भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे; पण करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

कामाचा दिवस

पावसाळ्यात रंग धरत नाही. एप्रिल-मे, किंवा दसऱ्यानंतर. जुनं रेलिंग कापायच्या आधी नवं तयार होऊन आलेलं असू द्या, उघडी गॅलरी रात्रभर ठेवू नका. ठिणग्या उडतात तिथून पडदे, गाद्या, कूलरचं गवत हलवा, खालच्या रस्त्यावर माणूस उभा करा, पाण्याची बादली जवळ ठेवा. वेल्डिंगच्या झगझगाटाकडे बघत बसलेल्या मुलांना आत घ्या.

वेल्ड चौफेर हवं. चार टाके मारून वर पुट्टी फासली की डोळ्याला ते अखंड दिसतं. म्हणून पुट्टी आणि रंग लावायच्या आधी प्रत्येक जोड स्वतः बघा, मोबाइलवर फोटो काढा. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप वापरला असेल तर वेल्डच्या जागचं जस्त जळून गेलेलं असतं, तिथे झिंकचा रंग लावावा लागतो, आणि वेल्डिंगचा धूर बंद जागेत कोंडू देऊ नका. पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरून बुडाशीच साचेल. खांबाभोवतीचं सिमेंट बाहेर उताराचं करा.

पैसे देताना पाचवा हिस्सा हातात ठेवा. केमिकल अँकर पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, मग तोच ताणकाटा, तीच दोरी, प्रत्येक खांबाला. वेल्डर शेजारी उभा असताना ओढा. डोकं हललं तर प्लेटचे बोल्ट त्याच्याच हातून पुन्हा बसवून घ्या, आणि उरलेला हिस्सा त्यानंतर द्या.